गोळी किती ग्रेनची?

सोन्याचा जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. इंग्रजी अमदानीत तो १८० ग्रेनचा ठरवला गेला होता. शिकारी रायफलीसाठी जगभर ज्या गोळ्या विकल्या जातात, त्यांत १८० ग्रेन हे अगदी रुळलेले वजन आहे. म्हणजे बरोबर एक तोळा. सराफाच्या तराजूतून ग्रेन केव्हाच गेला, बंदुकीच्या गोळीला मात्र तो अजून चिकटून आहे. एका ग्रॅममध्ये साधारण १५.४ ग्रेन भरतात. नेमबाजीच्या ‘पॉइंट टू टू’ काडतुसातली गोळी ४० ग्रेनची, पाव तोळ्याहून किंचित हलकी. हवेच्या रायफलीचा छर्रा आठ ग्रेनच्या आसपास, म्हणजे जेमतेम चार-साडेचार गुंजा.

शिकारीला चालेल आणि नेमबाजीलाही चालेल अशी गोळी किती वजनाची घ्यावी, हा रायफल बाळगणाऱ्यांचा जुना प्रश्न आहे. बारामती आणि इंदापूरपुरते त्याचे अर्धे उत्तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देऊन टाकले. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातले किंवा कडबनवाडीच्या माळावरचे चिंकारा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन वर्षांची कैद आहे आणि नुसता प्रयत्नही कायद्याच्या लेखी शिकारच ठरतो. भिगवणला उजनीच्या पाणलोटावर उतरणाऱ्या पाखरांवर छऱ्याची बंदूक रोखणारा ‘ही तर बिनपरवान्याची, खेळण्यातली’ असे म्हणून सुटत नाही. ४.५ मिलिमीटरच्या, कमी ताकदीच्या हवेच्या बंदुकीला शस्त्र परवाना लागत नाही एवढेच खरे. पाखरू मारायची मोकळीक त्यातून मिळत नाही.

उरतो प्रश्न पिकाचा. उसात शिरणाऱ्या रानडुकरांनी हैराण झालेला शेतकरी परवान्याची बंदूक काढू पाहतो. तिथेही मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश आधी हवा. आणि गोळीचे वजन निवडायचे म्हटले, तर आपल्याकडे फारसा वावच नसतो. भारतात परवान्यावर मिळणारी नेहमीची देशी रायफल ‘तीनशे पंधरा’ बोअरची. पुण्याजवळ खडकीच्या १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्यात तिची काडतुसे बनत आली आहेत. त्यातली गोळी २४४ ग्रेनची, सव्वा तोळ्याच्या वर. परदेशी मासिकांत एकाच रायफलीसाठी दहा वजनांची तुलना वाचून इथल्या दुकानात गेलेल्या माणसाची निराशा होते.

वजनाचे शास्त्र मात्र समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात सर्वसाधारण समज उलटा आहे. जड गोळी म्हणजे जास्त जोर, असे धरून चालतात. दारू तेवढीच असेल तर जड गोळी नळीतून बाहेर पडताना हलकीपेक्षा मंद असते. पण हलकी गोळी हवेशी झगडताना वेग लवकर गमावते, जड गोळी तो राखून ठेवते. वाऱ्याने गोळी किती ढळते, हे ती हवेत किती वेळ राहिली यापेक्षा वाटेत तिचा वेग किती घटला यावर अवलंबून असते. आषाढात बारामतीच्या जिरायत भागात जो वारा सुटतो, त्यात लांबच्या लक्ष्यावर जड, निमुळती गोळी कमी भरकटेल. जवळच्या लक्ष्यावर हा फरक जाणवणारही नाही, खांद्याला बसणारा धक्का तेवढा वाढेल.

दुसरी गोष्ट नळीच्या पिळाची. रायफलीच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात, त्या गोळीला गिरकी देतात. गिरकी घेणारी गोळी भोवऱ्यासारखी सरळ उभी राहते. जाडी तीच ठेवून वजन वाढवायचे, तर गोळी लांब करावी लागते. आणि लांब गोळीला स्थिर राहायला जास्त गिरकी लागते. इंग्रज गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी सूत्र मांडले, त्यात गोळीची लांबी येते, वजन थेट येत नाही. ५.५६ मिलिमीटरच्या रायफलीत ५५ ग्रेनच्या गोळीला १२ इंचांत एक वेढा पुरतो, ७७ ग्रेनच्या गोळीला तोच वेढा सात-आठ इंचांत लागतो. पीळ कमी पडला की गोळी कोलांट्या खाते आणि कागदावर गोल भोक पडण्याऐवजी आडवी चीर पडते. म्हणून वजन माणूस निवडत नाही, नळी निवडते, असे म्हणणे जास्त बरोबर.

नेमबाजीच्या मैदानावर हे फार बारीक पातळीवर दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात गोळीचे वजन जवळजवळ ठरलेलेच आहे, ४० ग्रेन. वेगही मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास ठेवतात, कारण आवाजाचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते. मग निवडायचे काय उरते? एकसारखेपणा. ५० मीटर पार करताना ही गोळी सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. एका काडतुसाचा वेग दुसऱ्यापेक्षा फक्त पाच मीटरने कमी पडला, तर हा उतार साधारण पावणेचार मिलिमीटरने वाढतो. दहा गुणांचे वर्तुळ असते १०.४ मिलिमीटर व्यासाचे. पदक हुकायला एवढे पुरते. म्हणून मोठे नेमबाज आपली नळी पकडीत घट्ट बसवून एकाच कंपनीच्या, एकाच वजनाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट झाडून पाहतात आणि ज्या लॉटचा पुंजका सर्वांत घट्ट पडेल तो विकत घेतात. दोन नळ्या एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या असल्या, तरी त्यांना एकच लॉट आवडेल असे नाही.

शाळा-कॉलेजातली मुले बहुधा १० मीटरच्या हवेच्या रायफलीपासून सुरुवात करतात. तिथे वारा नाही, छर्रा वाटेत दीड-पावणेदोन सेंटिमीटरच उतरतो. नवशिक्याने आठ ग्रेन की साडेआठ, यावर पैसे आणि झोप घालवू नये. पुढच्या टोकाला चपटा छर्रा घ्यावा, कारण तो कागदावर स्वच्छ भोक पाडतो; दोन-तीन डब्या आपल्या नळीत झाडून पाहाव्यात आणि जी जमली ती धरून ठेवावी.

मोकळ्या माळावर ‘जरा सराव’ करण्याचा मोह मात्र धोक्याचा आहे. ४० ग्रेनची चिमुकली गोळी नळी थोडी वर धरून सोडली, तर दीड किलोमीटरच्याही पुढे जाते. मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे. चौरस मानले तर एक बाजू सव्वादोन किलोमीटर. माळाच्या एका टोकाला सुटलेली गोळी मध्य ओलांडून पलीकडच्या धनगराच्या वाड्यापर्यंत पोचू शकते, आणि सोडणाऱ्याला ती कुठे पडली हे कळणारही नाही. लक्ष्यामागे मातीचा उंच बांध नसेल, तर गोळीच्या वजनाची चर्चा फिजूल आहे.

आता त्या वजनामागच्या धातूकडे. गोळीला जडपणा येतो तो शिशामुळे. शिसे तांब्यापेक्षा सव्वापट जड, मऊ आणि स्वस्त. हाडाला लागून फुटलेल्या शिसाळ गोळीचे कण मांसात दूरवर पसरतात. डोळ्यांना दिसत नाहीत, क्ष-किरणांत दिसतात. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात २००८ मध्ये गरिबांसाठी दान आलेले हरणाचे मांस याच कारणाने टाकून द्यायला सांगितले गेले. कॅलिफोर्नियात काँडर गिधाडे शिशाने मरू लागली, तेव्हा तिथे शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. १ जुलै २०१९ पासून ती पूर्ण लागू झाली. पूर्ण तांब्याची गोळी हा त्यावरचा पर्याय. पण तांबे हलके, त्यामुळे तेवढ्याच वजनाला गोळी लांब होते आणि पुन्हा पिळाचे गणित आडवे येते.

आपल्याकडे शिकार नसली, तरी शिसे नेमबाजाच्या बोटांवर असतेच. ‘पॉइंट टू टू’च्या बहुतेक काडतुसांत बुडाच्या कडेतले स्फोटकही शिशाचे संयुग असते, त्याचा धूर श्वासात जातो. हवेच्या रायफलीत धूर नाही, पण दर छऱ्यागणिक शिसे चिमटीत येते आणि लक्ष्यामागच्या पेटीत त्याची भुकटी साठते. रक्तात शिसे इतके असले तर चालते, अशी कोणतीही सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. तेवढेच शिसे पोटात गेले, तर लहान मुलाच्या अंगात मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषले जाते. बुद्धीची वाढ, लक्ष, पुढे रक्तदाब आणि मूत्रपिंड, सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. सुरुवातीला लक्षणे काहीच नसतात. पालकांना ते कळते ते रक्ततपासणीतूनच.

उपाय साधे आहेत, म्हणूनच बहुधा टाळले जातात. छर्रे तोंडात धरायचे नाहीत. सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. पेटीखालची जागा कोरड्या झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. बंदिस्त रेंजमध्ये हवा नेमबाजाच्या पाठीकडून लक्ष्याकडे वाहिली पाहिजे, उलट नव्हे. सरावाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत. गरोदर स्त्रीने रेंजवर उतरण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. रोज सराव करणाऱ्या मुलाच्या रक्तातले शिसे वर्षातून एकदा तपासून घ्यावे. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आले, तर ते कुठून आले हे शोधून थांबवावे, असे आरोग्य संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शन सांगते. कथिलाचे बिनशिशाचे छर्रेही निघाले आहेत. ते हलके असल्याने प्रत्येक नळीत घट्ट पुंजका देत नाहीत, पण पहिली दोन-तीन वर्षे उभे राहणे, श्वास आणि घोडा दाबणे शिकणाऱ्या मुलाच्या कागदावर तो फरक दिसतच नाही.