रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं

हैदराबादच्या कोठी भागात आज दुकानांची एवढी गर्दी आहे की इथून एकेकाळी दोन राजवटींची हद्द जात होती, यावर विश्वास बसत नाही. पण ती जात होती. एका बाजूला निजामाचं राज्य, त्याचे पोलीस, त्याची फर्मानं. दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा रेसिडेंट आणि त्याच्या अखत्यारीतला बाजार. या भागाला रेसिडेन्सी बाजार म्हणत. १९३३ साली तो निजामाकडे परत गेला. त्यालाच आपण आज सुलतान बाजार म्हणून ओळखतो.

शहरातले सुस्थितीतले मराठी लोक, म्हणजे वकील, डॉक्टर, शिक्षक आणि सरकारी अंमलदार, याच भागात आणि त्याच्या अवतीभवती दाटीनं का राहिले, हे समजून घ्यायचं तर ही हद्द आधी डोळ्यांसमोर आणावी लागते.

त्याआधीचा रिवाज वेगळा होता. निजामाच्या दफ्तराचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या रायरायाँ या मराठी घराण्याची देवडी शाहअलीबंड्यात होती. चारमिनारच्या दक्षिणेला, राजवाड्यांपासून जवळ. दरबारावर पोट असलेला माणूस दरबाराच्या सावलीत घर बांधणार, हे ओघानंच आलं. नव्या शिकलेल्या वर्गाचं तसं नव्हतं. त्याची मिळकत बुद्धीची आणि सनदेची होती. मुसी नदीपलीकडे जुन्या शहरातच राहिलं पाहिजे, अशी सक्ती त्याच्यावर नव्हती. आणि नदीच्या उत्तरेला रेसिडेंट कर्कपॅट्रिकनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभारलेली ती अवाढव्य रेसिडेन्सी होती. उंच खांबांची, पायऱ्यांशी सिंह बसवलेली. १८५७च्या उठावात, १७ जुलैला, तुर्रेबाझ खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी तिच्यावर चाल केली, ती जवळच्या सावकारांच्या घरांमधून. म्हणजे पैसेवाल्यांनी तिथे आधीच बस्तान बसवलं होतं. लुटीची आणि जप्तीची धास्ती असलेला सावकार, जिथे त्याची कागदपत्रं आणि तिजोरी जास्त सुरक्षित वाटतात, तिथेच पेढी थाटतो.

पैशामागोमाग माणसं आली, माणसांमागोमाग संस्था. या संस्थांची यादी पाहिली की मी थक्क होतो. आर्य समाजाची हैदराबादेतली शाखा १८९२ साली निघाली, ती सुलतान बाजारात. श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय १९०१ साली सुरू झालं आणि त्याची वास्तू आजही सुलतान बाजारातच आहे. हाकेच्या अंतरावर जामबागेत विवेक वर्धिनी. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक या दोन वकिलांच्या धडपडीतून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी राहिलेली मराठी शाळा. १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय. संस्थानात सरकारी भाषा उर्दू, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. खाजगी शाळांवर निर्बंध, आणि सभा भरवायची तर ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमाप्रमाणे आधी परवानगी. अशा वेळी आपलं पोर मराठीत शिकावं, घरात मराठी पुस्तक यावं, संध्याकाळी चार माणसांत बसून मनातलं बोलता यावं, असं वाटणारा बाप घर शोधताना आधी पाणी आणि वारा बघणार नाही. तो विचारणार, शाळा किती लांब आहे? शेजारी कोण आहे?

या भागातल्या मराठी वकिलाचा दिवस कसा जात असेल, ते नकाशावर बोट ठेवून पाहता येतं. १९२० पासून हायकोर्ट मुसीच्या दक्षिण काठावर, लाल-गुलाबी दगडाच्या नव्या इमारतीत. घर उत्तरेला. सकाळी पुतळीबावडीवरून अफझलगंजकडे उतरायचं, नया पूल ओलांडायचा. तिकडे दिवसभर उर्दूत अर्ज, उर्दूत युक्तिवाद, उर्दूत निकाल. शेरवानी आणि अदब. संध्याकाळी पूल पुन्हा ओलांडायचा आणि मराठीत यायचं. केशवराव तर पुढे त्याच हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, आणि आर्य समाजाचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. सत्तेच्या भाषेत पारंगत असलेला माणूस आपल्या भाषेची शाळा काढतो, यात मला विसंगती दिसत नाही. उर्दूवर हुकमत होती म्हणूनच मराठीसाठी पैसा, ओळखी आणि वजन वापरता आलं.

आणि इथे जगाच्या दुसऱ्या टोकाची एक गोष्ट आठवते. अमेरिकेत वॉशिंग्टनला लागून मेरीलँड राज्यात प्रिन्स जॉर्जेस नावाचा परगणा आहे. सुखवस्तू कृष्णवर्णीय कुटुंबांची मोठी वस्ती म्हणून तो ओळखला जातो. १९६८च्या कायद्यानं घर विकताना किंवा भाड्यानं देताना वर्ण बघायला बंदी घातली. कायद्यानं तरी आता कुठेही घर घेता येत होतं, पैसाही होता, तरीही अनेकांनी आपल्या माणसांतच बंगला घेतला. समाजशास्त्रज्ञ कॅरिन लेसी यांनी ‘ब्लू-चिप ब्लॅक’ या २००७ सालच्या पुस्तकात अशा कुटुंबांचा अभ्यास मांडला आहे. कामाच्या ठिकाणी दिवसभर गोऱ्या जगात वावरायचं, तिथले रीतिरिवाज चोख पाळायचे, आणि मुलांना मात्र अशा ठिकाणी वाढवायचं जिथे त्यांना आपण कोण आहोत हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. दोन्ही इतिहासांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. गुलामगिरीचा वारसा हैदराबादच्या मराठी वकिलाच्या वाट्याला आला नव्हता. त्यानं नया पूल रोज दोनदा ओलांडण्यामागे जी बुद्धी होती, ती मात्र मला त्या अमेरिकन बापाच्या बुद्धीसारखीच वाटते.

इंग्रजांच्या हद्दीत सगळी मोकळीक होती असं मात्र समजू नये. राजकारण म्हटलं की रेसिडेंट आणि निजाम एकाच बाजूला. हैदराबाद संस्थानाची राजकीय परिषद १९२३ साली पहिल्यांदा भरली ती काकिनाड्याला; पुढच्या परिषदाही मुंबई, पुणे, अकोला अशा बाहेरगावीच भरवाव्या लागल्या. रेसिडेन्सीच्या छायेत शाळा चालत होती, पुस्तक मिळत होतं, धर्माचं आणि सुधारणेचं बोलता येत होतं. मोकळीक तेवढीच, आणि तेवढ्यावर एक अख्खी वस्ती उभी राहिली.

या वस्तीच्या आत्मविश्वासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नोव्हेंबर १९२१. विवेक वर्धिनीच्या थिएटरात सामाजिक परिषद भरली होती, अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे. उर्दू, मराठी, इंग्रजीत भाषणं झाली. मग आलमपल्ली व्यंकटरामराव नावाचे वकील उभे राहिले आणि तेलुगूत बोलू लागले. सभागृहातून हुर्यो झाली. त्यांना बोलू दिलं नाही. संस्थानातली सर्वांत मोठी भाषा तेलुगू, आणि तिचाच उपहास करणाऱ्यांत मराठी मंडळी पुढे! उर्दूच्या दाबाखाली आपली भाषा जपण्यासाठी ज्यांनी ती जागा उभी केली, त्यांनीच तिथे दुसऱ्या भाषेला उभं राहू दिलं नाही. हे वाचताना आजही मान खाली जाते. त्याच रात्री काही तेलुगू मंडळी जमली आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. पुढच्या आंध्र महासभेचं मूळ तिथे आहे.

१९३३ साली हद्द पुसली गेली. ज्या कारणानं वस्ती तिथे रुजली, ते कायद्याचं कारण संपलं. लोक उठून गेले का? नाही. शाळा तिथे होती, ग्रंथालय तिथे होतं, भटजी आणि वैद्य तिथे होते, मुलीसाठी स्थळ सुचवणाऱ्या काकूही तिथेच. वस्ती उलट पसरत गेली. १९१६ साली बांधलेल्या काचीगुडा स्टेशनावर नांदेड-परभणीकडची गाडी येई, म्हणून काचीगुडा. नारायणगुड्यात केशवरावांच्या स्मृतीसाठी १९४० साली केशव मेमोरियल शाळा निघाली, म्हणून नारायणगुडा. १९३१ साली श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं ते याच शहरात. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि कित्येक मराठी नोकरदार औरंगाबाद-मुंबईकडे निघून गेले. जे राहिले ते बरेचसे याच मोहल्ल्यांत राहिले.

आता पैसेवालं मराठी कुटुंब गच्चीबावली किंवा कोंडापूरला उंच टॉवरमध्ये फ्लॅट घेतं, आणि ऑफिसचं अंतर मोजून घेतं. शेजारी बंगाली, मल्याळी, तेलुगू. गणपती सोसायटीचा. मराठी पुस्तक हवं असेल तर रायदुर्गला मेट्रोत बसायचं, अमीरपेटला गाडी बदलायची आणि कोठीला उस्मानिया मेडिकल कॉलेजच्या स्टेशनावर उतरायचं. तिथून पुढे चालत.