दातृमंडळ आणि ग्रामीण संस्था

व्यक्तिगत दान आणि सार्वजनिक वर्गणी यांच्या मधोमध दानाचा एक तिसरा प्रकार संभवतो. दहावीस परिचित व्यक्ती ठराविक रक्कम एकत्र करतात, ती कोणत्या संस्थेस द्यावी हे विचारविनिमयाने ठरवितात आणि हिशेब, कायदा, व्यवस्थापन यांपैकी ज्यास जे अवगत असेल ते त्या संस्थेच्या कामी लावतात. अशा समूहास दातृमंडळ म्हणता येईल.

महाराष्ट्रास ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८८६ मध्ये मुरुडकर मंडळींच्या वर्गणीतून गावाच्या उन्नतीसाठी ‘मुरुड फंड’ उभा केला. अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड याहून निराळा. त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला. परंतु असंख्य दात्यांपैकी प्रत्येकाने कारभारात लक्ष घालणे शक्यच नव्हते, आणि काचेची विद्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडून आली. दातृमंडळात पैसा व विद्या एकाच हातून येतात. सिएटल येथे १९९७ साली पॉल ब्रेनर्ड प्रभृतींनी स्थापिलेल्या ‘सोशल व्हेंचर पार्टनर्स’ने हीच गोष्ट नियमबद्ध केली, पुढे भारतातही, पुण्यासह, तिच्या शाखा निघाल्या.

सल्ला देणारा आणि धनादेश देणारा एकच असला म्हणजे सल्ला नाकारणे कठीण जाते, हा या पद्धतीचा उघड दोष होय. याहून गंभीर अडचण निवडीची आहे. वाशीम जिल्ह्याचा समावेश २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांत झाला. तेव्हा मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावी वाचनालय वा वसतिगृह चालविणाऱ्यांची गरज सिद्ध करावी लागत नाही. तथापि मंडळ प्रथम मागते ते लेखापरीक्षित हिशेब, धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी आणि प्राप्तिकर खात्याची मान्यता. देवघेवीत फसगत होऊ नये म्हणून हे योग्यच. परंतु हिशेब ठेवणारा जाणकार माणूस हीच तर लहान संस्थेची उणीव असते. जी मदत प्रवेशानंतर मिळावयाची, तीच प्रवेशाची अट होऊन बसते. परिणामी मंडळांचे द्रव्य शहराजवळच्या, आधीच सुस्थिर संस्थांकडे वळण्याचा संभव वाढतो.

यावर उपाय क्रम बदलण्याचा आहे. पहिल्या वर्षी पैसा न देता मंडळातील हिशेबनिसाने संस्थेची कीर्दखतावणी लावून द्यावी. नोंदणीचे कागद वकिलाने पाहावेत. देणगीचा प्रश्न त्यानंतर घ्यावा. नोकरीनिमित्त अकोला, नागपूर वा पुणे येथे गेलेल्या गावकऱ्यांचे मंडळ असल्यास हे अधिक सुकर होईल, कारण संस्था कोण चालविते हे त्यांना कागदावरून जाणून घ्यावे लागणार नाही.