लग्न कधी आहे, त्यावर बेट ठरतं

दिल्ली, नोएडा, गुडगाव, फरिदाबाद या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींची लग्नं जमू लागली की बेटांची चर्चा सुरू होते. मनालीला आई-बाबा जाऊन आले, शिमल्याला ऑफिसची सहल झाली, आता समुद्र हवा. मग प्रश्न येतो, अंदमान की मालदीव की बाली? यावर माझा पहिला उलटा प्रश्न असतो: लग्न कोणत्या महिन्यात आहे?

हे विचारण्याचं कारण असं की दिल्लीत राहणाऱ्या माणसाला ऋतू म्हणजे धुकं, लू आणि जुलैतला पाऊस एवढेच माहीत असतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की समुद्रकिनारा डोळ्यांसमोर येतो. पण नैऋत्य मोसमी पाऊस आपल्या देशात सगळ्यात आधी येतो तो अंदमानात. केरळात साधारण 1 जूनला पोहोचणारा पाऊस अंदमानच्या समुद्रावर मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपासच दाखल होतो. म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा मुहूर्त, मग सत्यनारायण, मग कुलदैवत, आणि मग तुम्ही अंदमानला पोहोचता तेव्हा पाऊस तुमच्या स्वागताला हजर असतो. समुद्र खवळलेला, पाणी गढूळ, बोटी कधी सुटतात कधी नाही. त्या दिवसांत स्वस्त पॅकेजं का मिळतात ते आता लक्षात आलं असेल.

आपले मुहूर्त बघा. तुळशीचं लग्न झालं की नोव्हेंबर-डिसेंबरात एक झुंबड. मग धनुर्मास, तेव्हा उत्तरेतही बँडबाजा बंद आणि आपल्याकडेही बहुतेक घरांत थांबतात. संक्रांतीनंतर फेब्रुवारीपर्यंत दुसरी, आणि एप्रिल-मेमध्ये तिसरी. यातली मधली फळी नशीबवान. जानेवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत अंदमान, लक्षद्वीप आणि मालदीव, तिन्हीकडे समुद्र शांत आणि पाणी स्वच्छ असतं. मेमधलं लग्न असेल तर विषुववृत्ताच्या खाली बघा. बाली दक्षिण गोलार्धात आहे, तिथला कोरडा ऋतू साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. आणि नोव्हेंबर-डिसेंबरची जोडपी? त्यांना अंदमान मिळू शकतं, पण ऑक्टोबर ते डिसेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे दिवस. जायचं तर हाताशी एक-दोन दिवस जास्तीचे ठेवून जायचं.

बालीचं एक गंमतीशीर सांगून टाकतो. तिथे अजून शक संवत्सर पाळतात, आपल्या पंचांगात असतं तेच शक. त्यांचं नववर्ष, म्हणजे न्येपी, मार्चमध्ये येतं, कधी कधी अगदी पाडव्याच्या आगेमागे. आपण गुढी उभारतो, ते पूर्ण मौन पाळतात. चोवीस तास विमानतळसुद्धा बंद, पर्यटकांनीही हॉटेलबाहेर पडायचं नाही. मार्चमध्ये जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी ही तारीख बघा.

मालदीवचं गणित वेगळं. भारतीयांना व्हिसा तिथे पोहोचल्यावर विनाशुल्क मिळतो, त्यामुळे सोपं वाटतं. पण एका बेटावर एक रिसॉर्ट अशी तिथली पद्धत. माले विमानतळावरून रिसॉर्टपर्यंत नेणारी स्पीडबोट किंवा सी-प्लेन यांचं भाडं माणशी वेगळं असतं, आणि खोलीच्या जाहिरातीत ते बहुधा दिसत नाही. सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं विमान दुपारी उशिरा उतरलं तर ती रात्र मालेला काढावी लागते, आणि रिसॉर्टचं त्या रात्रीचं भाडं गेलं. शिवाय जेवायला बेटाबाहेर जाता येत नाही, म्हणून जेवणासकटचा दर विचारल्याशिवाय पुढे बोलूच नका. लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस स्वस्त पडतात, मात्र तिथे दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी किनारा राखून ठेवलेला असतो. काहींना हे चालतं, काहींना नाही. आधी माहीत असावं, एवढंच.

आता अंदमान. पासपोर्ट लागत नाही, रुपये चालतात आणि मराठी घरात या नावाला वेगळं वजन आहे, म्हणून यावर जरा सविस्तर बोलू.

दिल्लीहून पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर 2024 मध्ये शहराचं नाव श्री विजयपुरम झालं, पण बोलण्यात आणि बऱ्याच तिकिटांवर जुनंच चालतं, गोंधळू नका. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप हे नामकरण त्याआधी डिसेंबर 2018 मध्ये झालं. थेट विमान मिळालं तर उत्तम, नाहीतर कोलकाता किंवा चेन्नईला बदलायचं. इथे दिल्लीकरांनी एक काळजी घ्यायची. डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी म्हणजे पहाटेचं धुकं. दोन वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात म्हणून काढली आणि पहिलं विमान धुक्यात अडकलं, तर दुसरं तिकीट बुडतं. दोन्ही प्रवास एकाच बुकिंगवर, एकाच पीएनआरवर असले तर पुढचं बघणं विमान कंपनीकडे येतं.

खरं तर मला असं विचारावंसं वाटतं, की दिल्लीहूनच का निघायचं? समजा मुलगा नोएडाला, मुलगी अकोल्याची, लग्न अकोल्यात. सगळे विधी उरकून, सामान घेऊन दिल्लीला या, दोन दिवस घर लावा, मग परत दक्षिण-पूर्वेला उडा. त्यापेक्षा नागपूरहून चेन्नई किंवा कोलकातामार्गे थेट अंदमान, आणि परतताना दिल्ली. शालू, दागिने आणि आहेर मामांच्या किंवा भावाच्या हाती पाठवून द्यायचे. पाच-सहा दिवसांच्या रजेतले दोन दिवस वाचतात.

पोहोचल्यावर पहिला धक्का घड्याळाचा बसतो. अंदमान दिल्लीच्या सुमारे पंधरा-सोळा अंश पूर्वेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे सूर्य तिथे तासभर आधी असतो. घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच. त्यामुळे नोव्हेंबरात पाच वाजायच्या आतच सूर्य बुडालेला असतो, जानेवारीतही सव्वापाचच्या सुमारास मावळतो. राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचाय आणि जेवून, झोपून, चहा घेऊन पाचला निघालात, तर अंधार बघून परत याल. दिल्लीतल्या जानेवारीत सात वाजून गेले तरी पांघरूण सोडवत नाही, तिथे पावणेसहाला लख्ख उजाडतं. लवकर उठा, दुपारी झोपा. ही बेटाची दिनचर्या आहे, ती पहिल्याच दिवशी स्वीकारलेली बरी.

दुसरी गोष्ट बोटीची. हॅवलॉकला जाणाऱ्या मक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन अशा खासगी बोटींना दीड-दोन तास लागतात, सरकारी बोट त्याहून सावकाश. खासगी वेगवान बोटींत बहुतेक वेळा बंद वातानुकूलित कक्षात बसायचं असतं. डेकवर केस उडवत उभं राहायचं चित्र डोक्यात असेल तर आधी विचारून घ्या. या बोटी मुख्यतः सकाळी आणि दुपारी सुटतात. दुपारी उतरून त्याच दिवशी हॅवलॉक गाठायचं, असा कार्यक्रम कोणी आखून दिला तर तो माणूस नकाशा बघून बोलतोय, वेळापत्रक बघून नाही. बोट लागणाऱ्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नसतो.

आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. यावर मी तडजोड करत नाही. डिसेंबर 2016 मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि नौदलाच्या जहाजांना त्यांना आणायला जावं लागलं. एवढं दरवर्षी होत नाही, पण एखाद्या दिवशी बोट रद्द होणं यात विशेष काही नाही. त्याच दिवशी तुमचं विमान असेल तर काय कराल?

सगळं धरून सहा रात्री मला योग्य वाटतात. पहिली पोर्ट ब्लेअर, तीन हॅवलॉक, एक नील, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. चारच मिळत असतील तर नील सोडा, हॅवलॉकची घाई करू नका. नीलचा नैसर्गिक खडकपूल ओहोटीलाच नीट बघता येतो, त्यामुळे तिथे पोहोचल्यावर आधी भरती-ओहोटीची वेळ विचारायची. बाराटांगची सहल मी सुचवत नाही. मध्यरात्रीनंतर उठून निघायचं आणि जारवा लोकांच्या राखीव जंगलातून वाहनांच्या ताफ्यात जायचं. थांबायला, फोटो काढायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. माणसं म्हणजे सहलीतलं प्रेक्षणीय स्थळ नव्हे.

स्कूबा डायव्हिंग बहुतेकांना करायचं असतं. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षक हात धरून थोड्या खोलीपर्यंत नेतो. दाबाखाली श्वास घेताना रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. लगेच विमानात बसलं तर वर हवेचा दाब कमी, त्या वायूचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून गंभीर त्रासापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून डाइव्ह आणि विमान यांत किमान 18 तास, शक्य तर पूर्ण दिवस ठेवा. दमा, कानाचा त्रास, नुकतीच सर्दी असेल तर प्रशिक्षकापासून लपवू नका. आणि किनाऱ्यावर पाण्यात न उतरण्याचा फलक असेल तिथे उतरायचं नाही. त्या पाण्यात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 मध्ये राधानगरजवळच एका परदेशी पर्यटक तरुणीचा त्यात जीव गेला होता.

आता पैशांचा सापळा, आणि हा खास एनसीआरचा. मॉलमध्ये चिठ्ठी भरून घेतात. आठवड्याने फोन येतो, अभिनंदन, तुम्हाला फुकट सहल लागली, फक्त जोडीने या. नवीन लग्न झालेली जोडी त्यांना नेमकी हवी असते. तिथे दोन-तीन तास बसवून कित्येक वर्षांच्या हॉलिडे क्लबचं सदस्यत्व गळ्यात मारायचा प्रयत्न होतो, वर दरवर्षीचा देखभाल खर्च असतो, आणि 'ही किंमत फक्त आजच' असं सांगतात. नव्या बायकोसमोर नाही म्हणायला संकोच वाटतो, आणि धंदा त्या संकोचावरच चालतो. त्या दिवशी काहीही सही करायची नाही, कार्ड पाकिटातून काढायचं नाही.

साध्या एजंटकडून पॅकेज घेतानाही हॉटेलचं नाव लेखी मागा. 'अमुक किंवा तत्सम' यातल्या तत्समवर तुमची खोली ठरते. बोट कोणती, कोणत्या वर्गाचं तिकीट, रद्द झाली तर पैसे कोण देणार, हेही लिहून घ्या. हनिमून पॅकेज म्हणजे काय तर पलंगावर फुलं, एक केक आणि एक मेणबत्तीचं जेवण. साधी खोली घेऊन हेच वेगळं सांगितलं तर किती पडतं, ते विचारून बघाच. परदेशी पॅकेजवर टीसीएस कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करता येतो, म्हणून ज्याच्या पॅनवर पैसे भरले त्याने विसरू नये.

तिकिटावरच्या नावाबद्दल. पत्रिकेत नवं नाव छापलं, उखाण्यात नवं नाव आलं, म्हणून उत्साहाने तिकीटही नव्या नावाने काढतात. ओळखपत्रावर मात्र माहेरचं नाव, वडिलांचं नाव मधे. तिकिटावर तेच नाव हवं जे त्या दिवशी हातातल्या आधारवर किंवा पासपोर्टवर असेल. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचं असेल तर प्रवासानंतर निवांत करा.

आणि यातलं सगळ्यात नाजूक. बऱ्याच मुलांना वाटतं, सगळं आपणच ठरवून सरप्राइज द्यावं. ठरवून केलेल्या लग्नात तुम्ही एकमेकांना जेमतेम ओळखत असता. तिला पाण्याची भीती आहे का, बोट लागते का, मासे चालतात का, लग्नाच्या दगदगीनंतर तिला आधी नुसतं झोपायचं आहे का, हे तुम्हाला माहीत नाही. तारखा ठरवतानाही विचारा. मासिक पाळीचे दिवस कोणते, हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि तिनेही सांगण्यात. परस्पर गोळ्या घेऊन तारीख पुढे ढकलण्यापेक्षा तिकीट पुढे ढकलणं चांगलं. गोळ्या घ्यायच्याच तर डॉक्टरांना विचारून. मूल इतक्यात नको असेल तर तेही निघण्याआधी दोघांनी बोलून, डॉक्टरांचा सल्ला घेऊन ठरवायचं. बेटावर औषधाचं दुकान शोधत फिरू नका. खर्चाचा आकडाही दोघांना माहीत असावा. कर्ज काढून केलेल्या सहलीचा पहिला हप्ता नव्या संसारात येतो, आणि तो दोघांच्या पगारातून जातो.

पोर्ट ब्लेअरला शेवटचा दिवस मोकळा मिळाला की सेल्युलर जेल. घरचे विचारणारच, सावरकरांची कोठडी बघितली का? 1906 मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाचे सात बाहू होते, आज तीन उरलेत. सावरकरांना 1911 मध्ये इथे आणलं, मोठे बंधू बाबाराव आधीच इथे होते. आपल्या आजोबांच्या पिढीला काळं पाणी म्हणजे परतीची वाट नसलेली जागा वाटायची, तिथे आपण मधुचंद्राला जातो. हनिमूनमध्ये तुरुंग कशाला, असं काहींना वाटतं. माझं मत वेगळं आहे, पण संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम बघायचा तर वेळ आणि तिकीट आधी चौकशी करून ठेवा.

किनाऱ्यावरचे शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे पिशवीत टाकू नका. कित्येक जाती वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत आणि विमानतळावर सामान तपासताना ते काढून घेतात, वर चौकशीत वेळ जातो. सासूबाईंसाठी किंवा आईसाठी काही न्यायचंच असेल तर पोर्ट ब्लेअरला सागरिका हे सरकारी विक्री केंद्र आहे. तिथून घ्या, आणि पावती हातातल्या सामानात ठेवा.