रिकाम्या बाटलीचा खुळखुळा

प्लास्टिकची एक रिकामी बाटली धुऊन कोरडी करायची, आत चार रंगीत तुकडे टाकायचे, बूच घट्ट लावायचं. झाला खुळखुळा. भंगारवालाही ज्यांचे पैसे देणार नाही, अशी खेळणी घेऊन काही बायका जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत घरोघर जात होत्या. जवळजवळ वीस वर्षांनी त्या घरांतली मुलं कमावती झाली, तेव्हा त्यांच्या पगारात या भेटींचा माग सापडला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चुकीचं तर वाचत नाही ना, म्हणून पान उलटून पुन्हा मागे आले होते.

ही हकिगत सुरू होते 1986-87 मध्ये. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 9 ते 24 महिन्यांची 129 मुलं निवडली. वयाच्या मानाने सगळ्यांचीच उंची खुंटलेली. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट पाडले. एका गटाला दर आठवड्याला किलोभर दुधाची भुकटी. दुसऱ्या गटाकडे आठवड्यातून एकदा तासभर खेळायला येणारी आरोग्यसेविका. तिसऱ्याला दूध आणि खेळ दोन्ही, चौथ्याला यातलं काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं.

त्या एका तासात काय व्हायचं, तिथे जरा थांबू या. येणारी बाई शिकलेली शिक्षिका नसे. वस्तीत फिरणारी साधी आरोग्यसेविका असे. ती जमिनीवर बसून बाळाशी खेळायची आणि थोड्या वेळाने खेळणं आईच्या हातात द्यायची. आता तू खेळ, मी बघते. आईला जमलं की तिचं कौतुक करायची. जाताना खेळणं घरीच ठेवायची, पुढच्या आठवड्यात ते परत घेऊन दुसरं द्यायची. म्हणजे सेविकेचा तास एकच, पण उरलेले सहा दिवस आईचे. सगळी खुबी मला या सहा दिवसांतच दिसते.

कारण त्या वयाचं शिकणं साद-प्रतिसादावर चालतं. बाळ बोट दाखवतं, आई म्हणते, “काऊ! उडाला बघ.” बाळ चमचा खाली टाकतं आणि आईच्या तोंडाकडे बघतं; आई उचलून देते, ते पुन्हा टाकतं. आपल्याला हा त्रास वाटतो. बाळ मात्र एकाच वेळी दोन गोष्टी ताडून पाहत असतं: वस्तू दर वेळी खालीच पडते का, आणि मी हाक दिली की कुणी ओ देतं का. पहिल्या काही वर्षांत मेंदूत दर सेकंदाला दहा लाखांहून जास्त नवे जोड तयार होतात. जे पुन्हापुन्हा वापरले जातात ते पक्के होतात, बाकीचे हळूहळू छाटले जातात. कोणते टिकणार, हे बरंचसं अशा काऊ-चमच्यांवर ठरत असतं.

ही मुलं साधारण 22 वर्षांची झाली तेव्हा संशोधकांनी त्यांच्यातल्या 105 जणांना शोधून काढलं. 2014 साली निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या घरी खेळ गेला होता त्यांची कमाई, न गेलेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती. त्याच वस्त्यांतल्या, उंची न खुंटलेल्या मुलांना त्यांनी कमाईत गाठलं होतं! दुधाचा फायदा सुरुवातीला दिसला, पुढे मात्र तो विरत गेला. याचा अर्थ दूध फुकट गेलं असा कुणी काढू नये. उपाशी बाळाला आधी घास हवा, यात वादच नाही. पण घासाबरोबर चिऊ-काऊही लागतात, हे इतक्या नेमकेपणाने मोजलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

या गोष्टीचा एक धागा मुंबईशी येऊन मिळतो. 1995 मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत बालवाड्या सुरू केल्या, वस्तीत जागा मिळेल तिथे. पुढे याच संस्थेच्या मदतीने किंग्स्टनची रीत ओडिशातल्या कटकमध्ये करून पाहिली गेली: 54 झोपडपट्ट्या, 421 बाळं, दीड वर्ष. भेटी द्यायला स्थानिक बायकाच. दीड वर्षानंतर ज्यांच्या घरी भेटी झाल्या ती बाळं आकलनात पुढे होती.

आपल्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं येऊन बसतात. त्यांना गाणी मिळतात, गोष्टी मिळतात, गरम खिचडी मिळते. तीन वर्षांच्या आतल्यांसाठी मात्र मुख्यतः घरपोच आहाराचं पाकीट येतं. केंद्र सरकारने 2024 मध्ये याच वयासाठी ‘नवचेतना’ नावाचा आराखडा आणला, त्यात बाळाबरोबर करायचे 140 खेळ-उपक्रम आहेत. मला त्याचा मनापासून आनंद झाला. आता ते खेळ दहा बाय दहाच्या खोलीपर्यंत पोचवायचे आहेत अंगणवाडी सेविकेने. तिच्याकडे वजनं घेणं आहे, लसीकरणाच्या दिवशी बायकांना गोळा करणं आहे, मोबाइलवर माहिती भरणं आहे. किंग्स्टनमध्ये घरटी आठवड्याला एक तास लागला होता. तेवढा तास तिच्या कामातून मोकळा करून द्यायला हवा, आणि त्या तासाचे पैसेही.