राजूर घाटात जीपचे काटे

मलकापूरकडून बुलढाण्याला चढणारा राजूर घाट जुन्या जीपच्या डॅशबोर्डाची खरी परीक्षा घेतो. खाली पूर्णेचं तापलेलं खोरं, वर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच बुलढाणा. चढाला इंजिन जोर लावतं, वेग मात्र कमी, त्यामुळे रेडिएटरला पुरेसा वारा मिळत नाही. अशा वेळी टेम्परेचरचा काटा हलतो. कधी हलत नाही, आणि खरी काळजी तेव्हाच करायची.

महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीप जोडायला घेतल्या. अमेरिकेत १९५३ साली आलेली उंच बॉनेटची सीजे-३बी पुढे आपल्याकडेही अनेक वर्षं बनत राहिली. तिच्या पेट्रोल आणि टेम्परेचरच्या मीटरमध्ये दोन धातूंची एक जोडपट्टी असते, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली. तारेतून करंट गेला की पट्टी तापून वाकते आणि काटा सरकतो. म्हणूनच हे काटे सावकाश चढतात. खड्ड्यात टाकीतलं पेट्रोल हिंदकळलं तरी थरथरत नाहीत. करंट किती जाणार ते टाकीतला फ्लोट आणि इंजिनच्या हेडमधला सेन्सर ठरवतात. करंट परततो बॉडीतून, या परतीच्या वाटेलाच अर्थ म्हणतात.

बिघाड बहुतेक वेळा इथेच असतो. जीप हौसेने रंगवून घेतली की मीटर बंद पडल्याची तक्रार येते, कारण रंगाचा थर पत्रा आणि स्क्रूच्या मध्ये बसतो आणि अर्थ तुटतो. टेम्परेचर सेन्सरच्या आट्यांवर पाणी गळू नये म्हणून टेप जाड गुंडाळली, तरी हेच. त्यामुळे नवं मीटर आणण्याआधी पॉलिश पेपर हातात घ्यावा. दोन्ही काटे एकदम बिघडले, तर दोन सेन्सर एकाच दिवशी जाण्याचा योग विरळा. तेव्हा मीटरचा अर्थ आणि दोघांना मिळून सप्लाय देणारा व्होल्टेज रेग्युलेटर आधी पाहावा.

एकच काटा मेला असेल, तर चावी बंद करून सेन्सरची वायर काढायची, बॉडीला जोडायची आणि मग क्षणभर चावी द्यायची. काटा वर गेला, तर मीटर आणि वायर शाबूत. दोष सेन्सरचा किंवा त्याच्या अर्थचा. जास्त वेळ जोडून ठेवलं तर मीटरच जळतं. सीजे-३बीची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, तेव्हा फ्लोटजवळ ठिणगी पडेल असं काही करू नये.

आता घाटातली गोष्ट. सेन्सरची वायर तुटली की त्याचा काटा खाली पडतो. पेट्रोलचा काटा टाकी रिकामी सांगतो. आपण पंपावर थांबतो, नुकसान काही नाही. टेम्परेचरचा काटा मात्र इंजिन थंड असल्याचं सांगतो आणि आपण निर्धास्त चढत राहतो. त्याहून वाईट म्हणजे होज फुटून पाणी निघून गेलं, तर सेन्सर पाण्याबाहेर कोरडा राहतो आणि चढलेला काटा आपोआप उतरू लागतो. भर चढावर काटा असा उतरला, तर इंजिन निवलं असं समजू नये. जीप कडेला घ्यावी, इंजिन बंद करावं, बॉनेट उघडून होज पाहावेत. रेडिएटरच्या झाकणाला मात्र इंजिन पुरतं गार होईपर्यंत हात लावू नये.