सावळ्या कांतीलाही सावली हवी

‘आपली कातडी सावळी; आपल्याला उन्हाचे काय भय?’ धानाच्या रोवणीच्या दिवसांत अड्याळच्या शिवारात दिवसभर वाकून राबणाऱ्या भगिनींपासून दुकानदारांपर्यंत सर्वांचा हा समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हाचा दाह पुष्कळ अंशी अडविते. त्यामुळे सावळ्या त्वचेवर सुरकुत्या उशिरा पडतात. मात्र उन्हाने तेच रंगद्रव्य चेतविले जाऊन गालांवर वांग व काळे डाग उमटतात. गोऱ्या त्वचेचे अकाली वार्धक्य प्रथम सुरकुत्यांतून दिसते, सावळीचे डागांतून, भेद इतकाच.

उन्हातील ‘यूव्हीबी’ किरण त्वचेचा वरचा थर भाजतात. ‘यूव्हीए’ किरण खोलवर जाऊन त्वचेला घट्ट ठेवणारे कोलॅजन क्षीण करतात, आणि ते काचेतूनही आत येतात. २८ वर्षे मालवाहू वाहन चालविलेल्या एका ६९ वर्षीय अमेरिकन चालकाचे छायाचित्र २०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. खिडकीकडील त्याचा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेला होता.

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. सकाळी दहा ते दुपारी चार शक्यतो सावली धरावी. शेतात जावेच लागते त्यांनी पूर्ण बाह्यांचे जाड विणीचे कपडे घालावेत व दुपट्ट्याने मान, कान, गाल झाकावेत. आभाळ ढगाळ असले तरी हे टाळू नये.

उघड्या भागावर किमान ३० ‘एसपीएफ’चे व ‘यूव्हीए’पासूनही रक्षण करणारे सनस्क्रीन लावावे, घाम येत असल्यास दर दोन तासांनी पुन्हा. ऑस्ट्रेलियातील नाम्बोर येथे ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे चाललेल्या अभ्यासात, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य इतरांपेक्षा २४ टक्के कमी आढळले. वांग असलेल्यांना दृश्य प्रकाशही बाधतो. त्यांना लोह-ऑक्साइडयुक्त, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते.

येथे एक सावधगिरी अगत्याची आहे. डाग दिसताच अनेक जण दुकानातून ‘गोरे करणारे’ मलम आणतात. त्यांपैकी काहींत स्टिरॉइड असते. प्रारंभी चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ व लाल होते, ऊन सोसवत नाही आणि मलम थांबविताच त्रास उसळतो. चिठ्ठीविना असे मलम कदापि लावू नये. वांगावर त्वचारोगतज्ज्ञांचाच सल्ला घ्यावा.

वर्ण बदलण्यासाठी वेचलेला पैसा त्वचेला दुबळी करतो. दुपट्टा मात्र घरात आहेच.