लोणारचे खारे धन

आमच्या जव्हार-मोखाड्याकडे नागलीचे पीठ रात्री भिजवून ठेवतात. सकाळपर्यंत ते आंबते आणि त्याची आंबील होते. आंबवणारे जीव दिसत नाहीत, पण घरोघर कामाला असतात. उद्योगांना उपयोगी पडतील असेच जीव शोधण्यासाठी शास्त्रज्ञ प्राचीन सरोवरांकडे वळले आहेत. सैबेरियातले बैकल १,६४२ मीटर खोल आहे. महाराष्ट्रात असे शोधाचे ठिकाण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातले लोणार.

जव्हारचे पठार ज्या काळ्या बेसाल्टचे आहे, त्याच खडकावर अशनी आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर झाले. विवर खोल, पण त्यातले पाणी उथळ. त्याला बाहेर पडायला वाट नाही. ऊन पाणी उडवते, क्षार मागे राहतात. म्हणून त्याचा सामू १० च्या आसपास, जवळजवळ साबणाच्या पाण्याइतका.

अशा पाण्यातही जिवाणू सुखाने नांदतात. स्पिरुलिनाने पाणी हिरवे दिसते. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले. क्षार वाढल्याने मीठप्रिय सूक्ष्मजीव फोफावले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळले. 'सेसेम्बिया लोनारेन्सिस' या जिवाणूच्या तर नावातच लोणार आहे.

यांचा उपयोग काय? कपडे धुण्याच्या पावडरीत डाग तोडणारी विकरे असतात. ती क्षारयुक्त पाण्यात टिकावी लागतात. क्षारातच वाढलेल्या जिवाणूंची विकरे तिथे तग धरतात. अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यात सापडलेल्या जिवाणूचे विकर उकळत्या पाण्याजवळच्या तापमानातही टिकते. त्यामुळेच पीसीआर चाचणी सोपी झाली. करोनाकाळात ती घरोघर माहीत झाली.

म्हणजे लोणारचे धन त्याच्या खारेपणात आहे. गोडे पाणी आणि सांडपाणी त्यात उतरत राहिले, तर सरोवर भरलेले दिसेल, पण सामू उतरेल आणि हे जीव जातील. पाण्याची पातळी मोजणे म्हणूनच पुरेसे नाही, क्षारही मोजायला हवेत.

जैवविविधता कायदा, २००२ नुसार सूक्ष्मजीवही जैविक संपत्तीच आहेत आणि त्यांच्या व्यापारी वापरातला लाभ वाटून घेण्याची तरतूद त्यात आहे. आमच्याकडे गावाच्या नोंदवहीचा विषय निघाला, की हिरडा, मोह, रानभाज्या आठवतात. आंबिलीचे मडके कोणाला आठवत नाही. ज्याची नोंद नाही, त्याचा वाटा मागायचा कसा?